हवापालटाला निघण्यापूर्वी

‘आईला हवापालटासाठी महाबळेश्वरला नेऊ का?’ असे नातलग विचारतात, तेव्हा मी आधी महिना विचारतो. गाव तेच असले, तरी तेथील हवा वर्षातून दोनदा खरोखरच पालटते.

हवेचा विस्तीर्ण साठा एखाद्या प्रदेशावर बरेच दिवस रेंगाळला, की तो त्या प्रदेशाचा स्वभाव उचलतो : समुद्रावर ओलावा, कोरड्या भूमीवर कोरडेपणा. अशा एकजिनसी हवेला वायुराशी म्हणतात. जूनपासून आपल्याकडे येणारी वायुराशी विषुववृत्तापलीकडील हिंदी महासागरातून निघते व अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येते. सह्याद्री चढताना ती थंडावते आणि सुमारे 1,350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस ओतते. पुढे उतरताना तीच हवा तापते, ढग विरू लागतात. म्हणूनच अवघ्या 19 किलोमीटरांवरील पाचगणीत पाऊस साधारण तिसऱ्या हिश्श्याचा आणि घाट उतरून वाईला पोहोचावे, तर त्याहूनही पुष्कळ कमी. क्षयावर औषध नव्हते त्या काळी, 1912 साली, डॉ. बिलिमोरिया यांनी आरोग्यधाम काढले ते पाचगणीत. ती निवड मला आजही शहाणपणाची वाटते. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या खोल्यांत भिंती आणि ब्लँकेटे दमट होतात, बुरशी धरते. दमेकऱ्याला तेथे नेऊ नये.

डिसेंबर-जानेवारीत वारे उलटतात. उत्तरेकडील भूभागावरची कोरडी, थंड हवा खाली सरकते. आकाश निरभ्र असल्याने जमिनीची उष्णता रात्रीत निसटते, जड गारवा खोलगट भागात साचतो आणि वेण्णा तलावाकाठी कधीकधी दवबिंदू गोठतात. छायाचित्रात ते सुंदर दिसतात! परंतु याच हवेने श्वासनलिका आकसतात, रक्तवाहिन्या आखडून रक्तदाब चढतो. ज्येष्ठांना ऊन चांगले वर आल्यावरच फिरायला न्यावे, नाकावरून मफलर असावा. उतारवयात तहान कमी जाणवते, म्हणून पाणी आठवणीने द्यावे. इनहेलर मात्र बॅगेत नव्हे, खिशात हवा.

माझी पसंती विचाराल, तर ऑक्टोबरअखेरची पाचगणी आणि तळमजल्यावरची उन्हाची खोली. पाऊस बहुधा ओसरलेला असतो, कडाका अजून यायचा असतो. मात्र ज्यांना घरीच प्राणवायू लावावा लागतो किंवा चार पावलांत धाप लागते, त्यांनी आरक्षणापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे; या उंचीवर प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक सप्तमांशाने कमी असतो.