पट्टीवर पट्टी

आजीचं काचेचं कपाट मी कापलं. म्हणजे स्वतःच्या हाताने नाही. पण ‘उडवा ते वरचं’ असं सुताराला सांगणारा मीच. साल 2014. नवी नोकरी, पुण्यात भाड्याचा वन बीएचके आणि बेडरूममध्ये नको तितका खाली आलेला माळा. कपाट बरोब्बर पाच इंच अडत होतं. हे पाच इंच म्हणजे त्याच्या डोक्यावरचे सागवानी कंगोरे. करवत चालली, कपाट आत गेलं. बाबा काहीच बोलले नाहीत. आणि आमचे बाबा काही बोलले नाहीत की समजायचं, फार लागलंय.

गेल्या वर्षी स्वतःचा फ्लॅट झाला. माळा नाही. म्हटलं, चला, कपाटाला डोकं परत देऊ. दोन सुतारांना विचारलं. ‘‘साहेब, तसलं आता कोण करत बसतं? एमडीएफची रेडिमेड पट्टी मारू, पॉलिश करून देतो.’’ सागवानाला एमडीएफ! म्हणजे पैठणीला नायलॉनचा काठ.

मी जुने फोटो धुंडाळत होतो, तेव्हा बाबांनी त्यांच्या कपाटातून पेपरात गुंडाळलेला एक वीतभर तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. त्याच कापलेल्यातला. इतकी वर्षं जपलेला.

त्याच्या कापल्या तोंडाकडे बघितलं आणि ट्यूब पेटली. मला वाटायचं, हे एकाच जाडजूड लाकडातून काढलंय. प्रत्यक्षात होत्या चार साध्या पट्ट्या, एकावर एक सरसाने चिकटवलेल्या. खाली बारीक गोल, त्यावर इंग्रजी एससारखं वळण, मग एक सपाट पट्टी आणि सर्वांत वर खोलगट गलता. बस्स! चार सोप्या गोष्टींनी मिळून मारलेला रुबाब.

मग टिंबर मार्केटमधून सागाची फळी आणली, बोहरी आळीतून छोटा राऊटर आणि तीन बिट. राऊटर म्हणजे आमच्या ऑफिसमधला वायफायवाला नव्हे. हा मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेत लाकडाची कड कोरतो. गॉगल न लावता त्याच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या दिवशी एका दमात पूर्ण खोली घ्यायला गेलो आणि कड जळून काळी. शहाणपण नंतर आलं: दोन-तीन हातांत, थोडं थोडं खोल जायचं. कड आपल्याकडे असेल तर मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं; उलट नेलं की ते लाकूड पकडून पळतं. आणि बारीक पट्टीवर राऊटर चालवायचाच नाही. रुंद फळीची कड आधी कोरायची, मग तेवढीच पट्टी कापून काढायची.

सगळ्यात कंटाळवाणी वाटणारी सपाट पट्टीच खरी हिरॉइन निघाली. ती दोन सूत पुढे काढली की खालच्या वळणावर सावली पडते, आणि त्या सावलीमुळेच काम भारी दिसतं. एक रविवार मी तिला नुसता पुढे-मागे सरकवत बसलो होतो.

अडलो कोपऱ्यावर. पंचेचाळीस अंशांत कापलेल्या पट्ट्यांमध्ये फट राहत होती. दोनदा कापून झालं, सागाचा चुरा झाला. शेवटी बाबा उठले. कपाटावर कागद ठेवून पेन्सिलीने दोन्ही कडांच्या रेघा मारल्या, रेघेवर रेघ येईल अशी घडी घातली. ‘‘कपाट काटकोनात नाहीये. या घडीवर काप.’’ कापलं. फट गायब.

चारही पट्ट्या चढल्या, पॉलिश झालं. बाबांनी जुना तुकडा वर धरून पाहिला, बोट फिरवलं.

‘‘आणि पुन्हा घर बदललंस तर?’’

‘‘कपाटाला चिकटवलेलं नाही बाबा. चौकटीवर बसवलंय, आतून चार स्क्रू आहेत. अख्खं उचलून निघतं.’’

‘‘बरं,’’ म्हणाले, आणि तुकडा पुन्हा पेपरात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवून आले.