न जुळणाऱ्या सुट्ट्या

महाराष्ट्रातील शाळांना मे महिन्यात सुट्टी असते. इंग्लंडमधील शाळांचा मे महिना परीक्षांत जातो. तिकडच्या शाळा जुलैच्या अखेरीस सुमारे सहा आठवड्यांसाठी बंद होतात, तेव्हा इकडे जूनच्या मध्याला सुरू झालेले वर्ष पहिल्या घटक चाचणीच्या उंबरठ्यावर आलेले असते. दिवाळी कधी तिकडच्या ऑक्टोबरमधील आठवडाभराच्या सुट्टीत येते, कधी नाही. मधेच मुलांना काढून आणावे म्हटले तर तोही मार्ग सोपा नाही. परवानगीवाचून पाच दिवस शाळा बुडाली, तर ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडमध्ये आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी ८० पौंड दंड होऊ शकतो. त्यामुळे ज्या घरातील एक भावंड तिकडे स्थायिक झाले आहे, त्या घरातील मुलांची भेट एकाच्या सुट्टीत आणि दुसऱ्याच्या शाळेत होते.

भिवंडीतील एका जैन कुटुंबात एका श्रावणात हेच घडले. कुटुंब मूळचे इचलकरंजीचे. घरातील कर्ते पुरुष सुताच्या व्यापारासाठी भिवंडीत आले आणि इथेच राहिले. दोन्ही गावे यंत्रमागांची; त्यामुळे गाव बदलले तरी कानावरचा आवाज बदलला नाही, असे त्यांच्या पत्नी आजही सांगतात. घरात त्यांना सगळे आक्का म्हणतात. आक्कांना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती. थोरला मुलगा धामणकर नाक्याजवळ त्यांच्यासोबत राहतो आणि वडिलांचा व्यापार पाहतो. धाकटी मुलगी लंडनच्या हॅरो भागात असते. मुलाचा मुलगा दहावीत, मुलीची मुलगी चौदा वर्षांची. वाढदिवस ऑगस्टमध्ये असल्याने लेक आणि नात तीन आठवड्यांसाठी येऊ शकल्या.

आक्कांनी भेटवस्तू नको म्हणून आधीच सांगून ठेवले होते. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. समोरचे माणूस ओळखू येते, पण पुस्तकातील अक्षर दिसत नाही. रोजचा स्वाध्याय गेल्या वर्षापासून थांबलेला. त्यांची इच्छा एवढीच होती की वाढदिवसाच्या संध्याकाळी नातवंडांनी शेजारी बसून त्यांच्या पुस्तकातील दहा पाने वाचून दाखवावीत.

अडचण वेळेची निघाली. चातुर्मास असल्याने घरातील जेवण सूर्यास्तापूर्वी होते. ऑगस्टमध्ये भिवंडीत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी नातवाच्या क्लासमध्ये चार ते सात अशी चाचणी होती. आत्याला हे कळले तेव्हा ती भावावर चिडली.

“आईचा ऐंशीवा वाढदिवस एकदाच येतो, दादा. एक पेपर बुडाला तर काय होईल?”

“बॅच बदलेल,” दादा म्हणाला. “तुला तिकडून बोलणं सोपं आहे. इथं दहावीच्या टक्क्यांवर अकरावीचं कॉलेज ठरतं. पाव टक्क्यानं यादीतून नाव जातं.”

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सोपं नाही रे तिकडेही. अकराव्या वर्षी ग्रामर स्कूलची प्रवेश परीक्षा असते. त्यासाठी हिला मी दोन वर्षं शिकवणीला पाठवलं. दोन दिवाळ्या आईशी फोनवरच केल्या. एवढं करून जागा मिळाली नाही ती नाहीच.”

शिकवणी हा केवळ भिवंडीचा किंवा महाराष्ट्राचा रोग नाही, हे त्या घरात त्या दिवशी प्रथमच उघडपणे बोलले गेले. लंडनच्या परिसरातील कितीतरी भारतीय घरांत मूल नऊ वर्षांचे झाले की शनिवार-रविवार शिकवणीत जातो. आक्कांनी दोघांचे ऐकून घेतले आणि निकाल दिला. “त्याला जाऊ द्या. जेवण वेळेवर उरकू. वाचन तो आल्यावर.”

त्याप्रमाणे सारे झाले. पुरणपोळी आणि कटाची आमटी झाली, बिनअंड्याचा केकही कापला. नातू पावणेआठला भिजलेल्या दप्तरासह घरी पोहोचला. पावसामुळे रस्त्यावर पाणी होते आणि रिक्षा कल्याण नाक्यापाशीच अडकली होती. डबा त्याने पेपरपूर्वीच खाल्ला होता. हातपाय धुऊन तो आजीजवळ बसला आणि वाचू लागला. तो इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी; मराठी त्याला आहे, पण ती प्रश्नपत्रिकेपुरती. तिसऱ्याच ओळीत एका जोडाक्षरापाशी तो थांबला, पुढे पुन्हा अडखळला. दोन पाने होईपर्यंत त्याच्या पापण्या मिटू लागल्या. सकाळी साडेसहाला शाळेची बस होती. आक्कांनी त्याच्या हातून पुस्तक घेतले आणि मिटले.

नात हे सारे शेजारी बसून पाहत होती. ती सकाळपासून आजीजवळच होती. त्या दिवशी तिला एकही काम नव्हते, पुढचे एकोणीस दिवसही नव्हते. मनात आणले असते तर ती रोज वीस पाने वाचू शकली असती. परंतु तिला देवनागरी येत नव्हती. एकाला वाचता येत होते, त्याच्यापाशी वेळ नव्हता. दुसरीपाशी वेळ होता, तिला अक्षर ओळखीचे नव्हते.

हा दोष मुलांचा म्हणता येत नाही. दोघेही आपापल्या शाळेने सांगितले ते मन लावून शिकत होते. नातवाला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रे एकत्र शिकावी लागतात; विषय सोडण्याची मुभा दहावीपर्यंत जवळजवळ नाही. नातीला चौदाव्या वर्षीच विषय निवडावे लागले. इंग्रजी, गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे. बाकीच्यांत तिने भूगोल ठेवला आणि इतिहास सोडला. सोळाव्या वर्षी तिची जी परीक्षा होईल, तीत ९ ते १ अशा श्रेणी मिळतात, टक्के नाहीत. मावसभाऊ-मामेभावांशी टक्क्यांची तुलना करण्याची सोय तिथे नाही, म्हणून मामीने तिला भाग्यवान म्हटले. त्यावर नात म्हणाली, की चौदाव्या वर्षी इतिहास कायमचा सोडताना तिला रडू आले होते. नातवाला मात्र याचा हेवा वाटला. त्याला सोडायला तीन विषय होते.

दोघांनी एका संध्याकाळी एकमेकांची पुस्तके उघडली. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतील ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न नातीला आवडला. नातवाने पाच कारणे एका दमात सांगितली. तिने एका उत्तरावर “पण असं का होतं?” असे विचारले, तेव्हा तो गडबडला, उत्तर त्याला वाक्यांच्या क्रमाने पाठ होते. नंतर तिच्या गणितातील एक लांबलचक उदाहरण त्याने तिच्या निम्म्या वेळात सोडवले, आणि गडबडण्याची पाळी तिची आली. कोणाची शाळा चांगली हा वाद तिथेच संपला.

भाषेचा प्रश्न मात्र संपण्यासारखा नव्हता. इंग्लंडमध्ये त्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगाली या भाषा घेता येतात. मराठी घेता येत नाही. नात शाळेत फ्रेंच शिकते. घरी आईवडील मराठी बोलतात, म्हणून तिला बरेचसे कळते, परंतु लिहिण्या-वाचण्याची गरज कधी पडली नाही. भिवंडीत परिस्थिती नेमकी उलट आहे. इथे महानगरपालिका मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती आणि तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांच्या मुलांसाठी, पद्मानगरच्या तेलुगू घरांसाठी, व्यापारी गुजराती कुटुंबांसाठी मातृभाषेची शाळा हाकेच्या अंतरावर आहे. तरी ज्यांना परवडते ती घरे मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. जिथे मराठीची सोय नाही तिथे ती दुरावली, आणि जिथे सोय आहे तिथे ती शंभर गुणांच्या विषयाएवढी उरली.

आक्का स्वतः सातवीची फायनल उत्तीर्ण आहेत. त्यांचे माहेर हातकणंगले तालुक्यात, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कुंभोजपासून जवळच. जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहून, एकत्र जेवून, श्रम करून शिकण्याची वाट दाखवली. वसतिगृह चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आक्कांचे थोरले भाऊ साताऱ्याच्या वसतिगृहात शिकले. ते सुट्टीत घरी आले की दिवसा शेतात काम करीत आणि रात्री धाकट्या बहिणीला पाटीवर अक्षरे गिरवायला लावीत. आपण शिकलो ते दुसऱ्याला शिकवायचे, हे त्यांना कोणी वेगळे सांगितले नव्हते.

ती आठवण सांगता सांगता आक्कांनी पाटी मागवली. बाजारात ती सहज मिळाली. पुस्तकातील अक्षर त्यांना दिसत नसले तरी खडूचे हातभर अक्षर दिसत होते, आणि न पाहताही हात वळत होता. दुसऱ्या दिवसापासून नात रोज सकाळी त्यांच्यासमोर बसू लागली. ‘क’ ते ‘ज्ञ’ एका आठवड्यात झाले. काना, मात्रा, वेलांटी यांना दुसरा आठवडा लागला. ‘ळ’ तिच्या तोंडात शेवटपर्यंत नीट बसला नाही. नातू क्लासला निघण्यापूर्वी दहा मिनिटे येई आणि पुस्तकातील एखादे वाक्य मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवी. लिहिताना जोडाक्षरे फोडावी लागत, त्यामुळे त्याचाही अडखळा कमी झाला. निघण्याच्या आदल्या दिवशी नातीने अर्धे पान वाचले. त्याला पाऊण तास लागला. आक्का एका जागी बसून होत्या. एकदाही त्यांनी घाई केली नाही.

लेक आणि नात परतल्यावर रविवार दुपारचे दोन ही वेळ ठरली. तेव्हा हॅरोमध्ये सकाळचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात साडेआठ. नातीसाठी पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे आदल्या रात्री जातात. ती पाच-सहा ओळी वाचते, नातू जोडाक्षरे सुधारतो, आणि शब्दाचा अर्थ दोघांनाही कळला नाही तर आक्का सांगतात. बापाने क्लासची एकही तासिका कमी केली नाही. केवळ रविवारचा तो अर्धा तास कोणाला देऊ दिला नाही. सहामाही परीक्षेच्या दोन आठवड्यांत वाचन झाले नाही. एकदा नातीच्या शाळेची सहल होती. त्या रविवारी आक्का दोन वाजता फोनजवळ बसून होत्या, आणि अडीचला उठून आपल्या खोलीत गेल्या. पुढच्या वेळी नातीने न सांगता दुप्पट ओळी वाचल्या.

भिवंडीची शाळा असो वा लंडनची, ती मुलाला पुढच्या परीक्षेसाठी तयार करते. तिचे ते कामच आहे. आजीला वाचून दाखवण्याचा तास तिच्या वेळापत्रकात कधीच नव्हता आणि पुढेही येणार नाही. तो तास घराने ठरवायचा असतो. परदेशी लेकरांच्या तिकिटांसाठी दोन देशांची सुट्ट्यांची पत्रके समोर ठेवून हिशेब करणारी अनेक घरे समाजात आहेत. ती पत्रके सहसा जुळणार नाहीत. जुळवता येतो तो आठवड्यातला एखादा अर्धा तास, आणि तो इकडच्या आणि तिकडच्या, दोन्ही घरांनी मिळून जपावा लागतो. या घराने तो जपला आहे. आक्कांचे पुस्तक सध्या एकेचाळिसाव्या पानावर आहे.