शाहिरांची तबकडी

काही गाणी आपण ऐकतो आणि काही गाण्यांत आपण वाढतो. पहिल्या जातीची गाणी येतात, घटकाभर जीव रमवतात आणि निघून जातात. दुसऱ्या जातीचे गाणे मात्र घरातल्या पाट्यावरवंट्यासारखे असते. ते केव्हा आणले हे कुणालाच आठवत नाही, पण त्याच्यावाचून घराचे चालत नाही. शाहीर साबळे यांची ‘जय जय महाराष्ट्र माझा’ ही तबकडी माझ्या लेखी त्या दुसऱ्या जातीची.

माझे बालपण पिंपरीच्या कामगार वसाहतीत गेले. १९५४ साली स्थापन झालेला पेनिसिलीनचा कारखाना हे तेव्हाच्या पिंपरीचे भूषण. वसाहतीत कुणी कोकणातले, कुणी वऱ्हाडातले. शेजारच्या तात्यांकडे ग्रामोफोन होता, आणि तात्या वाईकडचे. शाहिरांचे पसरणी हे गाव वाईला लागूनच. त्यामुळे ही तबकडी लावताना तात्यांचा चेहरा असा होई, की जणू घरचाच मुलगा गातो आहे! सुईला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

गंमत पाहा. शब्द नागपूरच्या राजा बढे यांचे, चाल बडोद्यात वाढलेल्या श्रीनिवास खळे यांची आणि गळा साताऱ्याचा. ‘शुक्रतारा मंद वारा’ला हळुवार चाल देणाऱ्या खळ्यांनीच हे गाणे बांधले, हे कळले तेव्हा मी चकित झालो. साबळ्यांचा आवाज घासूनपुसून गुळगुळीत केलेला नाही. घाटातल्या वाऱ्यासारखा तो अंगावर येतो, आणि मागे झील धरणारे त्याला उचलून धरतात.

त्या गाण्यातल्या भीमथडीच्या तट्टांचा अर्थ लहानपणी आम्हांला कुठला कळायला! पुढे नोकरीनिमित्त चाकणला जाऊ लागलो, तेव्हा उमगले की ती भीमा इथून उत्तरेला, अगदी जवळून वाहते. मराठ्यांची काटक घोडी तिच्याच काठची. चाकणच्या भुईकोटात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाला पन्नासाहून अधिक दिवस अडवून धरले. त्यानंतर बरोबर ३०० वर्षांनी महाराष्ट्र राज्य झाले, आणि हे गाणे त्या दिवसांचे.

१ मे हा जसा राज्याचा दिवस, तसाच कामगारांचाही. आज चाकणच्या कारखान्यांत मराठवाड्याची मुले आहेत, तशी बिहार-ओडिशाचीही आहेत. मग हे गाणे कुणाचे? नुसता जन्माचा दाखला मागणारे असते, तर मला ते एवढे आवडले नसते. त्याच्या शेवटच्या कडव्यात अभिमानाच्या जोडीला दारिद्र्याचे ऊन आहे, कपाळावरचा घाम आहे. २०२३ साली ते राज्यगीत झाले, तेव्हा तीनांपैकी दोनच कडवी घेतली गेली. पण घामाचे कडवे राहिले, याचे मला बरे वाटले.

परवाच्या १ मेला एका कारखान्याच्या फाटकाशी झेंडावंदन चालले होते. माझ्या शेजारी एक बिहारी पोरगा उभा होता. नद्यांची नावे आली तेव्हा तो गप्प राहिला. ध्रुपद आले, आणि त्याने खणखणीत सूर लावला. शाहिरीत एकाने गायचे असते आणि बाकीच्यांनी झील धरायची असते. झील धरणाऱ्याचे गाव शाहीर विचारीत नाही.