वेगळी पंगत

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतो. केळापूर तालुक्यातले आमचे देऊळ लहानसे. पाऊणशे माणसे आली की बाके भरतात. पण गेल्या वर्षी तेथे भांडण झाले ते एखाद्या मोठ्या शहराला शोभेल असे, आणि ते मिटवण्याची अक्कल मी चालवली.

भांडण गाण्यांवरून. तरुण संघाच्या मुलांनी गिटार आणली, ड्रम आणला आणि भिंतीवर पडदा लावून ती त्यावर गीतांचे शब्द दाखवू लागली. वडीलधारी मंडळी ‘उपासना संगीत’ छातीशी धरून बसली. माझी आई ऐंशीची. मोतीबिंदूमुळे तिला पडदा दिसत नाही, पुस्तकही दिसत नाही. पण पुस्तकाची तिला गरजच नाही. गीताचा क्रमांक सांगा, ती चाल धरते. नवे गाणे सुरू झाले की ती हातातले टाळ पदराखाली ठेवून देई.

मी पंचकमिटीची चिटणीस. मी सुचवले, सकाळी आठला वडीलधाऱ्यांची उपासना ठेवावी, दहाला तरुणांची. ठराव एकमताने झाला. पाळकसाहेबांनी माझे आभारही मानले.

पहिल्या रविवारी आई घरी आली ती मुकाट्याने जेवायला बसली.

“कशी झाली गं उपासना?”

“झाली. एक लेकरू रडलं नाही. मयताला बसल्यासारखं वाटलं.”

मास्तरकी माझ्या अंगात मुरलेली. मी तिला इतिहास सांगू लागले. म्हटले, तुझी जुनी गाणीही एके काळी नवीच होती. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा देवळांत बरीचशी गीते इंग्रजी चालींवर म्हणत. त्यांनी अभंग आणले, भजन-कीर्तन आणले. तेव्हाच्या म्हाताऱ्यांना ते नवेच वाटले असेल.

“असेल,” आई म्हणाली. “पण म्हणून त्यांनी म्हाताऱ्यांची वेगळी पंगत मांडली होती का?”

त्या रात्री मी ‘स्मृतिचित्रे’ काढून बसले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. नवराबायकोंतली ती पाच वर्षांची दरी कोणा चिटणिसाच्या ठरावाने बुजलेली नव्हती.

मग नवरात्र आले. केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला निघालेल्या ऑटोंतून आजी, सून आणि मांडीवरचे नातवंड दाटीवाटीने बसून जाताना मी पाहत होते. मला उगाच शरमल्यासारखे झाले.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारचे काका वारले. रात्री अंगणात भजनाला बसलो. त्यांचा नातू म्हणजेच आमचा गिटारवाला. आजोबांचे आवडते भजन त्याला म्हणायचे होते. मोबाइलवर ते सापडले, पण काकांची चाल त्यात नव्हती. आईने चाल धरली. पोरगा पहिल्या कडव्यालाच अडला. त्याला नुसते धृपद येत होते. तो मान खाली घालून बसला. मला त्याच्याकडे पाहवेना. काकांच्या उपासनेची वेळ आठ आणि त्याची दहा, ही सोय मीच केली होती.

आठवड्याने तो गिटार घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“आजी, ती चाल शिकवता का?”

“ये. आधी हात धू, अन् या शेंगा सोल.”

तुरीच्या शेंगा सोलता सोलता शिकवणी चालली. एके ठिकाणी आईने त्याला तीनदा थांबवले. “इथं घाई करू नको. तुझे आजोबा इथं दम घेत.” पोरगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने तेथे बोट उचलले आणि तेवढी जागा मोकळी सोडली.

दुसऱ्या दिवशी आईने आपणहून एक गोष्ट सांगितली. यवतमाळला १९५३ मध्ये सेमिनरी निघाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. आई विशीत असताना तिथल्या एका विद्यार्थ्याने देवळात गिटार वाजवली होती. आईने टाळ्यांचा ठेका धरला आणि घरी आल्यावर आजोबांची बोलणी खाल्ली. साठ वर्षांत हे तिने मला सांगितले नव्हते!

नाताळला उपासना एकच झाली. एक पंच मात्र गिटार दिसताच उठून बाहेर चिंचेखाली जाऊन बसले. त्यांना चहा तिथेच नेऊन दिला. आत काकांचे भजन चालले होते. आईचे टाळ ड्रमच्या पुढे धावत होते आणि गिटारवाला मागे वळून वळून ड्रमवाल्याला डोळ्यांनी खुणावत होता.

ठराव अजून वहीत तसाच आहे. तो रद्द करायचा तर बैठक बोलवावी लागेल आणि बैठकीत पुन्हा भांडण होईल. म्हणून वही मी कपाटात ठेवली आहे आणि किल्ली आईजवळ दिली आहे.