वेळ देवाची, दिरंगाई आमची

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. संतसाहित्याची अभ्यासपत्रिका गेली वीस वर्षे आळीपाळीने आमच्याकडे आहे. शरणागती, आर्तता, देवावर सोपवलेला भार हे विषय त्यामुळे आम्हांला परके नाहीत. दहा गुणांच्या उत्तरात भक्ताची निष्ठा किती मुद्द्यांत मावते हेही ठाऊक आहे. २०२२ साली हा विषय घरात आला, तेव्हा मात्र त्यातले आपल्याला फारसे काही येत नाही असे आढळले.

त्या वर्षी मे महिन्यात आम्हां दोघांपैकी एकीला स्नानाच्या वेळी डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. वस्तुतः स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. परीक्षा तोंडावर होत्या, मागोमाग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येणार होते. 'योग आला की दाखवू', 'देवाच्या मनात असेल तेव्हा सगळे होते' अशी वाक्ये आम्ही एकमेकांना ऐकवली. श्रावणात सुईने तुकडा काढून तपासणी झाली. रोग काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता. तीन महिने आधी आलो असतो तर हे टळले असते का, असे विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'नक्की सांगता येत नाही.' या उत्तराने आमची सुटकाही झाली नाही आणि आम्हांला शिक्षाही झाली नाही.

भेटीला येणारे आप्त म्हणत, 'त्याच्या मनात असेल तेव्हा सारे ठीक होईल.' त्यांच्या मायेविषयी शंका नव्हती. पण ते ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहणे टाळत असू. मे महिन्यात आमची भीती याच वाक्याआड लपली होती आणि आम्ही तिला श्रद्धा म्हटले होते.

केमोथेरपी सुरू झाली आणि थांबण्याचा दुसरा अर्थ कळू लागला. दर एकवीस दिवसांनी औषध शिरेतून द्यायचे. ते वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. त्यांत रोगाच्या पेशी येतात, तशा केसांच्या मुळांच्या आणि अस्थिमज्जेच्याही येतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी तळ गाठतात, मग मज्जा हळूहळू त्या भरून काढते. तिसऱ्या खेपेला त्या पुरेशा भरल्या नव्हत्या. आठवडाभर थांबा, असे सांगण्यात आले. आम्ही हुज्जत घातली. परिचारिका शांतपणे म्हणाली, "मॅडम, शरीर तयार झालं की देऊ. घाई करून चालत नाही."

त्या रात्री आजारी असलेली देवघरासमोर बसून देवाशी कडाकडा भांडली. दुसरा दारात उभा राहून ऐकत होता. नामदेव-तुकोबांचे देवाशी भांडणाचे अभंग आम्ही इतकी वर्षे भक्तीचा एक लडिवाळ प्रकार म्हणून शिकवत आलो. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात घरातली माणसे गमावलेल्या तुकोबांच्या भांडणात लाडिकपणा किती असेल, हा प्रश्न आम्हांला वर्गात कधी पडला नव्हता. त्या रात्री पडला. आणि हेही उमगले, की जो ऐकतच नाही अशी खात्री असते, त्याच्याशी कोणी भांडत नाही. भांडण हीही विश्वासाचीच एक रीत आहे.

पुंडलिकाची कथा तर आम्हांला तोंडपाठ. देव दारात आला तेव्हा तो आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट भिरकावली आणि देवालाच थांबायला सांगितले. अठ्ठावीस युगे देव कमरेवर हात ठेवून उभा आहे. म्हणजे आमच्या परंपरेत वाट पाहणे हे एकट्या भक्ताच्या वाट्याचे काम नव्हे, देवही वाट पाहतो. आणि तीही कोणी थकल्या देहांची शुश्रूषा करत आहे म्हणून. पुंडलिकाने शुश्रूषेसाठी देवाला थांबवले. आम्ही उत्तरपत्रिकांसाठी शुश्रूषा थांबवली आणि त्या दिरंगाईला देवाची वेळ असे नाव दिले. जे आपल्या हातात आहे ते करून झाल्यावर जे उरते, तेवढेच त्याच्यावर सोपवायचे असते. आम्ही आधीच सारे सोपवून मोकळे झालो होतो.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार २०२३मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी, निदान पाच वर्षे, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. रोग परतणार नाही असे कोणी लिहून देत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री आजही झोप लागत नाही. विश्वास वाढला म्हणून भीती गेली, असे आमच्या बाबतीत झालेले नाही. दोघी एकाच घरात राहतात.

पुढच्या वर्षी पुंडलिक शिकवताना तास संपायला पाच मिनिटे उरली होती. नोट्स मिटून आम्ही मुलींना एवढेच सांगितले, की कधी गाठ हाताला लागली, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. देव थांबेल, त्याला सवय आहे.