नाळे बा

बंगळूरच्या जुन्या रहिवाशांना ‘नाळे बा’ या दोन शब्दांची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘नाळे बा’ म्हणजे ‘उद्या ये’. १९९० नंतरच्या दशकात या शहरात अशी आवई उठली होती की, रात्री एक हडळ ओळखीच्या आवाजात हाक मारीत दारोदार हिंडते, आणि जो दार उघडील त्याचा कारभार आटोपते. लोकांनी त्यावर शोधलेला तोडगा मोठा मौजेचा होता. दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवावयाचे. हडळ ते वाचून परत जाई, आणि दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाची. आमच्याही दारावर ते शब्द होते. हडळ मात्र वेळेची पक्की असली पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या कारागिरांविषयी मला तसे कधी म्हणता आले नाही.

२०२५ साली खंडेनवमी १ ऑक्टोबरला आली. आदल्या रात्रीच आमच्या गिझरने मान टाकली. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. न्हाल्यावाचून ती देवाला हात लावणार नाही, आणि तिला गार पाण्याने न्हाऊ देण्यास मी तयार नव्हतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट टेकवून मी एका कंपनीकडून सकाळी दहा ते बारा ही वेळ मिळवली. पूर्वीचा कारागीर ‘येतो’ म्हणे, आणि आपण त्याचा अर्थ ‘येईल तेव्हा येईल’ असा घेत असू. आता वेळ विकत घेतलेली असते. कारागिराची खूण नकाशावरून मुंगीसारखी सरकताना दिसते; आणि माणूस मुंगीएवढा दिसू लागला की त्याच्यावर रागावणेही सोपे होते.

बारा वाजले, एक वाजला. मुंगी राजाजीनगरपाशी थबकली होती. आईने केव्हाच शेगडीवर दोन पातेली पाणी तापवून स्नान उरकले होते. वस्तुतः तेथेच माझी तक्रार संपावयास हवी होती. परंतु मी कंपनीला फोन लावला, आणि १९०५ साली शिवनसमुद्राच्या विजेने ज्या शहराचे रस्ते उजळले, त्या शहरात एका वृद्ध स्त्रीला कढत पाणी मिळू नये, असे एक लांबलचक वाक्य पलीकडच्या मुलीला ऐकवले. तिने नम्रपणे तक्रार नोंदवून घेतली.

तीन वाजता तो आला. पंचविशीचा मुलगा, कपाळी कुंकू, आणि गुडघ्यावर विजार फाटलेली. आयुधपूजेला येथे गाडीपुढे, दुकानापुढे कुंकू भरलेले कोहळे फोडतात. भर रस्त्यातल्या अशाच एका कोहळ्यावरून त्याची दुचाकी घसरली होती. हे त्याने आपण होऊन सांगितले नाही. आईने विचारले तेव्हा सांगितले. मग त्याने पिशवी उघडली. पान्यावर, पकडीवर हळदकुंकवाची ओली बोटे उठलेली होती.

आई त्या हत्यारांकडे पाहत राहिली. १९६० साली ती लग्न होऊन बेळगावहून येथे आली. वडील जालहळ्ळीला हिंदुस्थान मशीन टूल्समध्ये लेथवर होते. आयुधपूजेच्या दिवशी घरच्या मंडळींना कारखान्यात प्रवेश असे. एरवी तेलाने माखलेली यंत्रे त्या दिवशी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखी उभी असत. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. आम्हा पोरांचे लक्ष चुरमुऱ्यांच्या पुड्यांकडे. वडील मात्र आपल्या लेथला वाकून नमस्कार करीत, आणि त्या दिवशी घरातला दिवा बिघडला तरी पेचकसाला हात लावीत नसत. पांडवांची शस्त्रे शमीवरून दशमीलाच उतरली, असे ते म्हणत.

“पूजेला लावलेली हत्यारं उचललीस का रे?” आईने कानडीत विचारले.

“काय करू, अज्जी? आज नको म्हटलं तर पुढं काम मिळत नाही.”

“आज राहू दे. नाळे बा.”

दुसरा दिवस दसऱ्याचा, शिवाय गांधीजयंतीचा. राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांविषयीचा या राज्याचा १९६३ चा कायदा आहे. २ ऑक्टोबरची भरपगारी सुट्टी वडिलांना त्यामुळे मिळे. या मुलाचे नाव कोणत्या कारखान्याच्या पटावर असणार? त्याच वर्षी, २०२५ साली, राज्याने अशा कामकऱ्यांसाठी नवा कायदा केला; त्यांच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के इतकी रक्कम कंपन्यांनी कल्याणनिधीत भरावी, अशी त्यात तरतूद आहे. चांगलेच आहे. परंतु आईने हत्यारांना सुट्टी दिली आणि माणसाची काढून घेतली, हे तिच्या ध्यानात आले नाही, आणि माझ्या आले तरी मी बोललो नाही. गिझर हवाच होता.

“सर, आजचं काम तुम्हीच रद्द करा,” जाताना तो चाचरत म्हणाला, “मी केलं तर माझे पैसे कापतात.”

मी रद्द केले. दुपारची तक्रार मागे घेण्याची सोय मात्र पुष्कळ शोधूनही सापडली नाही. तिच्याविषयी त्याला सांगण्याचा धीर मला झाला नाही.

दसऱ्याला सकाळी साडेसातला तो हजर. त्याने आईच्या हातावर बन्नीची पाने ठेवली, तिने त्याला आपट्याची दिली. गिझरमधली कॉइल बाहेर निघाली ती अंड्याच्या टरफलासारख्या पांढऱ्या थराने मढलेली. बोअरच्या जड पाण्याची करणी. नवी बसवायला अर्धा तास लागला. कॉफीचा पेला अर्धा झाला असेल तोच त्याच्या खिशातला फोन वाजला. जयनगरात कोणाची तरी आठ ते दहाची वेळ होती. उरलेली कॉफी त्याने उभ्यानेच संपवली.

आईने त्या दिवशी दोनदा स्नान केले.