गाभाऱ्याबाहेरचा भार

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी जाणे झाले, की एखादा दिवस मी कुंभकोणमच्या परिसरासाठी राखून ठेवतो. अशाच एका फेरीत नाचियार्कोविलला गेलो होतो. कुंभकोणमपासून सुमारे दहा किलोमीटरवरचे हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. पण वैष्णव भाविक तेथे जातात ते पाषाणाच्या गरुडाचे दर्शन घ्यायला. गावाला नाव आहे ते देवीचे, नाचियारचे, आणि उत्सवातही पहिला मान तिचाच. मार्गळी आणि पंगुनी या तमिळ महिन्यांत गरुडाची मिरवणूक निघते. गाभाऱ्यातून मूर्ती उचलायला चार भोई पुरतात. पुढे आठ लागतात, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. परतताना ही संख्या त्याच क्रमाने उतरते. देवी हंसावर बसून पुढे गेलेली असते. तिला मागे टाकण्याचा प्रमाद घडू नये म्हणून गरुड आपला भार वाढवीत जातो, अशी श्रद्धा आहे.

गरुड हा मुळात सेवक. त्याचा भार गाभाऱ्यात कमी आणि रस्त्यावर अधिक, ही कल्पना ऐकताना मला कॅप्टन लक्ष्मी सहगल आठवल्या. त्या आठवणीत माझ्या एका चुकीचाही वाटा होता.

लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर काही काळाने चरित्रवाङ्मयातील वीरप्रतिमेवर मी एक व्याख्यान दिले होते. झाशी राणी पलटणीची १९४३ ते १९४५ ही वर्षे त्यांच्या चरित्राचा उत्कर्षबिंदू होत आणि नंतरचे सारे उपसंहार, असे विधान मी त्यात केले. व्याख्यान संपल्यावर एक वयस्क बाई पुढे आल्या. आयुष्यभर परिचारिकेचे काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी विचारले, “सर, उपसंहार सहासष्ट वर्षांचा असतो का हो?” मी कथानकाच्या रचनेविषयी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. बाई समाधान झाल्यासारखे दाखवून गेल्या. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

लक्ष्मी स्वामिनाथन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रासला झाला. वडील नामांकित वकील, आई अम्मू स्वामिनाथन पुढे संविधान सभेच्या सदस्य. १९३८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. नंतर स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतले. १९४० मध्ये त्या सिंगापूरला गेल्या आणि तेथे गरिबांसाठी त्यांनी दवाखाना काढला. त्यांचे बहुतेक रुग्ण हिंदुस्थानातून आलेले मजूर होते. कावेरीच्या खोऱ्यातून, नागपट्टणमच्या बंदरातून, मलायातील रबराच्या मळ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली होती. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी स्त्रियांची पलटण उभारण्याचे काम लक्ष्मींवर सोपविले, तेव्हा या मळ्यांतल्या तमिळ मुलींनी मोठ्या संख्येने नावे नोंदविली. ज्यांनी हिंदुस्थान पाहिलाही नव्हता, अशा कितीतरी मुली त्यांत होत्या. एका मराठी राणीचे नाव त्यांनी आपले मानले. पुढे ब्रह्मदेशात, इंफाळच्या आघाडीवरून परतणाऱ्या जखमी आणि आजारी सैनिकांची शुश्रूषा याच पलटणीतील स्त्रियांनी केली.

हा क्रम नीट पाहिला की माझे विधान कोठे चुकले ते ध्यानात येते. दवाखाना आधी होता. पलटण नंतर आली. जपानच्या साह्याने लढण्याच्या मार्गाविषयी इतिहासकार आजही वाद घालतात, आणि तो वाद अर्थपूर्णही आहे. परंतु लक्ष्मींच्या आयुष्यात युद्ध हे एक मुक्कामाचे ठिकाण होते. तेथे पोचण्यापूर्वी हातात स्टेथोस्कोप होता आणि तेथून निघाल्यावरही तोच राहिला.

१९४५ मध्ये त्या ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या ताब्यात सापडल्या. १९४६ च्या मार्चमध्ये त्यांना हिंदुस्थानात आणले गेले. लाल किल्ल्यातील खटल्यात आरोपी असलेल्या प्रेमकुमार सहगल यांच्याशी १९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्या कानपूरला स्थायिक झाल्या. फाळणीने उद्‌ध्वस्त झालेल्या निर्वासितांवर उपचार करण्यापासून तेथील कामाला आरंभ झाला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत त्या काम करीत होत्या. १९८४ च्या शीखविरोधी दंगलीत आपल्या दवाखान्याच्या परिसरात त्या जमावाला सामोऱ्या गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विषारी वायूने भोपाळमध्ये अनर्थ केला, तेव्हा वैद्यकीय पथक घेऊन त्या तेथे पोचल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २००२ मध्ये डाव्या पक्षांच्या वतीने त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली आणि अब्दुल कलामांकडून पराभूत झाल्या. दवाखाना चालूच होता. नव्वदी ओलांडल्यावरही त्या रुग्ण तपासत होत्या. २३ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह कानपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

कानपूरजवळच बिठूर आहे. मोरोपंत तांब्यांची मनू तेथे वाढली आणि पुढे झाशीची राणी झाली. त्या राणीला रणांगणापलीकडचे आयुष्य लाभलेच नाही. तिच्या नावाच्या पलटणीचे नेतृत्व करणाऱ्या लक्ष्मींना ते लाभले, आणि योगायोग असा की ते बिठूरच्या शेजारीच व्यतीत झाले. आपल्या वाङ्मयाला वीराचा मृत्यू लिहिता येतो. वीराचे दीर्घायुष्य लिहिताना त्याची लेखणी अडखळते. पोवाड्याला लढाई हवी, नाट्याला पतन हवे. रोज सकाळी उघडणाऱ्या दवाखान्याला आणि बाहेर रांगेत बसलेल्या गर्भवतींना सामावून घेणारा घाट आम्ही समीक्षकांनी कधी शोधलाच नाही. जे आमच्या घाटात बसले नाही, त्याला आम्ही उपसंहार म्हणून मोकळे झालो.

नाचियार्कोविलला मी गेलो तो उत्सवाचा दिवस नव्हता. गरुड आपल्या जागी स्वस्थ होता. भोई आपापल्या कामाला गेलेले असावेत. मूर्तीसमोर उभा असताना वाटले, गणवेशातल्या त्या दोन-तीन वर्षांना इतिहासाने, छायाचित्रांनी, गौरवाने खांदा दिला. तो भार चौघांना पेलणारा होता. पुढची सहासष्ट वर्षे रस्त्यावरची. तेथे भार वाढत गेला, आणि खांदे मात्र वाढले नाहीत.

त्या परिचारिकाबाईंचे नाव मी विचारून घेतले नव्हते. घेतले असते, तर हा लेख उत्तर म्हणून त्यांना धाडला असता.